अंगणातल्या खड्ड्याला झाड पाहिजे

नरपड,
पिठोरी अमावास्या, २०१९

तीर्थरूप सौ. नर्मदाताईच्या पायांशी धाकट्या हरीचा नमस्कार. (पाय म्हटल्याबरोबर तुला तुझा घोटा आठवणार आणि घोटा आठवला की तू पत्र बाजूला ठेवणार, हे ठाऊक असूनही रीत म्हणून लिहिलं. ठेवू नकोस, पुढे वाच.) भावोजींनाही नमस्कार सांग. त्यांची शुगर, तुझा गुडघा आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीची भेग, तिघांच्या प्रकृतीची मला काळजी आहे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे तुझ्या भावजयीची, हिरूची कंबर, माझा दमा आणि वाडीतल्या चिकूंची फळगळ सोडली तर बरे आहोत. दीपेश आणि सूनबाई मयूरी तुला रोज आठवतात, आणि ज्या दिवशी तू केलेलं लोणचं ताटात असतं त्या दिवशी दोनदा आठवतात.

एवढं चार-पाच पानी पत्र कशाला, फोन का केला नाही, असं तू भावोजींना विचारशीलच. फोन केला की तू "मी बरी आहे, तू बरा आहेस ना, ठेवते" हे तिन्ही एका श्वासात म्हणतेस आणि खरोखरच ठेवतेस. तिकडे तलासरीला गेल्या हिवाळ्यापासून जमीन हलते आहे, माणसं घर असून अंगणात झोपताहेत, तूही ताडपत्रीखाली खाट टाकली आहेस, आणि तुझं माहेर बसने तासादोन तासांवर असून तू येत नाहीस. का, तर इकडे माझ्या अंगणात पाणी उभं राहतं. ताई, तुझ्याकडे जमीन हलते आणि माझ्याकडे पाणी हलत नाही, आणि या दोघांच्या मधे तुझी शपथ बसलेली आहे. त्या पाण्यासाठी मी दोन वर्षं काय काय केलं ते तुला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. म्हणून हे पत्र.

मुळापासून सांगतो, कारण ही गोष्ट तू सगळ्या नातेवाइकांना तुझ्या पद्धतीने सांगितली आहेस आणि तुझ्या पद्धतीत माझं अंगण म्हणजे डहाणूची खाडी असते. दोन वर्षांपूर्वी गौरी आल्या त्या दिवशी आभाळ फाटलं होतं. आपली गौर म्हणजे तेरड्याची जुडी, तळ्याकाठची, मुळांसकट उपटलेली. ती आणायची घरच्या लेकीने, सुनेने नाही, आणि पाणवठ्यापासून उंबऱ्यापर्यंत लेकीने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. तू परकर नेसत होतीस तेव्हापासून हे काम तुझं. (वर्षभरात तू तेवढाच वेळ गप्प असतेस, म्हणून आबा तुला मुद्दाम लांबच्या वाटेने आणायचे, हे ते गेल्यावर तरी सांगायला हरकत नाही.) त्या दिवशी अंगणात घोटाभर पाणी, खाली शेवाळ. तुझा पाय सटकला आणि तू पाण्यातच बसलीस. पण गौर दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलेली, तिच्या एका पानाला चिखल नाही, आणि तोंडातून साधं "आई गं" नाही! तशीच उठलीस, लंगडत उंबरा ओलांडलास, गौर पाटावर ठेवलीस, हळदकुंकू वाहिलंस आणि मग तोंड उघडलंस. "हरी, या अंगणात पाणी उभं राहतंय तोवर मी या घराची पायरी चढणार नाही. गौरीसमोर सांगते." घोट्याला प्लास्टर लागलं ते दसऱ्याला निघालं. शपथेचं प्लास्टर अजून तसंच आहे.

त्यात माझा दोष तरी काय? समोरचा रस्ता दर डांबरीकरणाला थोडा उंच होतो, शेजारच्यांनी भराव टाकून कंपाउंडची भिंत घातली, आणि आपलं घर आबांनी बांधलं तिथेच आहे. म्हणजे आपण न बुडता बुडालो. गटार काढायचं तर उतार आपल्याकडेच. दीपेश म्हणाला, आपणही भराव टाकू आणि वर सिमेंट करू. मग पाणी अंगणात न राहता ओटीवर आलं असतं. तेव्हा तुझ्याच मुलाने, आपल्या धनेशने, पुण्याहून फोनवर मला चित्र पाठवलं. पुण्याला तो लोकांच्या बंगल्यांतल्या बागा आखतो ना, त्यामुळे त्याला कुठलंही डबकं दिसलं की त्यात बाग दिसते. म्हणाला, "मामा, पाण्याला हाकलू नका, त्याला बसायला जागा द्या. रेन गार्डन करा." रेन गार्डन म्हणजे पावसाळी बाग. अंगणाच्या सखल कोपऱ्यात पसरट खड्डा करायचा, तळ भुसभुशीत ठेवायचा, छपराचं पाणी त्यात सोडायचं आणि आत अशी झाडं लावायची, की जी पावसाळ्यात पाय पाण्यात ठेवून उभी राहतील, उन्हाळ्यात पाण्यावाचून तगतील, आणि ज्यांची मुळं खोल जाऊन पाण्याला जमिनीत वाट करून देतील. ऐकायला किती सोपं! मला तर ते चित्र बघूनच तू अंगणातून कोरड्या पायांनी चालत येताना दिसलीस.

गेल्या वर्षी जूनच्या आधी मी आणि लडक्याने खड्डा खणला. (आपला लडक्या तुला माहीत आहेच, वाडीत काम करतो तो. आता केस पांढरे झाले, पण मी सांगतो ते अजूनही त्याला पटत नाही.) तळ मोकळा केला, रेती आणि शेणखत मिसळलं, छपराची पन्हळ वळवली. झाडं आणणार इतक्यात माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि मी डहाणूला हिरूच्या भावाकडे जाऊन पडलो. डोळ्यावरची पट्टी काढून, काळा चष्मा लावून घरी आलो, तर खड्डा हिरवागार. मला वाटलं, चष्म्यामुळे. चष्मा काढला तरी हिरवा. लडक्याने त्यात भात लावला होता!

त्याला बोलावलं, तर तो इनाम मिळणार अशा चेहऱ्याने आला. म्हणाला, "शेट, पानी हाय न् रिकामी जागा हाय. भात नाय लावला त पाप लागल ना." शेतात भाताची आवणी उरकून त्याची थोडी रोपं उरली होती. खड्डा बघून त्याला दया आली. त्याने पोरांना घेऊन तळ तुडवून तुडवून लोण्यासारखा चिखल केला, कडेने बांध घातला, बांधातली खेकड्यांची भोकं शोधून शोधून बुजवली, आणि वर मला सांगतो, आता थेंबभर पानी खाली जात नाय. मी धनेशला फोन लावला. तो म्हणाला, मामा, चिखलणी करतात ती पाणी जिरू नये म्हणूनच करतात. म्हणजे मी पाणी जिरवायला खड्डा केला आणि माझ्याच माणसाने त्याला बूच मारलं. यात लडक्याला तरी काय बोलणार? आपल्या मुलखात पाणी धरणारी जागा मोकळी बघून हात न शिवशिवणारा माणूस मला दाखव. मीसुद्धा, खरं सांगतो, ती रोपं किती एका रांगेत लागली होती ते क्षणभर बघत राहिलो.

उपटून टाकावीत म्हटलं, तर हिरू आडवी आली. उभं पीक उपटायचं? अन्न आहे ते. ती बोलली ते खरंच होतं, म्हणून पीक राहिलं. पुढचं तर ऐकूच नकोस, पण ऐक. ऑगस्टात पावसाने दडी मारली. माझ्या अंगणातलं पाणी, ज्याच्यामुळे माझी सख्खी बहीण मला दुरावली ते पाणी, प्रथमच आटायला लागलं. मी देवापुढे साखर ठेवली. आणि हिरूने माझ्या हातात बादली दिली! भात पोटरीत आला होता, त्याला पाणी हवं होतं. तेव्हा ताई, मी, हरिश्चंद्र, तुझा भाऊ, विहिरीचं पाणी काढून काढून त्या खड्ड्यात ओतत होतो. शेजारचे भिंतीवरून बघत होते. त्यांना काय सांगू की हा माणूस अंगण कोरडं करतो आहे?

त्या वर्षी तुझ्यावाचून गौर आणायची वेळ आली. पलीकडच्या गंगीवहिनींची नात उसनी घेतली. पोरगी गुणाची आहे, पण तळ्यापासून घरापर्यंत एकसारखी बोलत आली, आणि उंबऱ्यात गौर हातात धरून तिने मयूरीला साडीची किंमत विचारली. हिरूने ते फार मनाला लावून घेतलं. विसर्जनाच्या दिवशी वाऱ्यापावसाने तळ्याकडे जाणं होईना, तर हिरूने गौर आपल्याच खड्ड्यात, भाताच्या कडेला, बोळवली. डोळे पुसत म्हणाली, आली उसन्या हाताने, जाते परक्या पाण्यातून, माहेरपण काही झालं नाही हिचं. (हे मी त्या वेळी तुला कळवणार होतो. फोन केला. तू बरी होतीस, मी बरा होतो, तू ठेवलास.) दसऱ्याच्या सुमारास भात कापला. झोडपून, कांडून एका कुकरचा तांदूळ निघाला. नव्याची खीर केली, देवाला दाखवली आणि डबा घेऊन दीपेशला तुझ्याकडे धाडलं. तू खाऊन म्हणालीस, वास छान आहे, कुठला तांदूळ? आणि आमच्या चिरंजिवांनी, ज्यांना कुठे काय बोलावं हे अजून कळत नाही, खरं सांगितलं. डबा धुऊन परत आला आणि सोबत निरोप आला, "म्हणजे पाणी अजून आहे."

त्यानंतर दिवाळी उलटली आणि तुमच्याकडची जमीन हलायला लागली. इकडे नरपडलाही जाणवतं, पण पाहुण्यासारखं येतं आणि जातं. तुमच्याकडे ते घरचं माणूस झालं आहे. मी न सांगता तलासरीला आलो होतो तो दिवस आठव. तू चहा ठेवलास, कप माझ्या हातात दिलास आणि कप बशीत वाजायला लागला. मांडणीवरची भांडीही वाजली. तू साखरेचा डबा बंद करत शांतपणे म्हणालीस, "ट्रेलर गेला हायवेवरून." ताई, हायवे तुमच्या घरापासून इतका लांब आहे की रिक्षावाला जास्तीचे पैसे मागतो. मी भावोजींकडे बघितलं, तर ते कपात बघत होते. त्यानंतर मी जेवलो, झोपलो, परत आलो, तेवढ्या वेळात तीन-चार ट्रेलर गेले. पुण्याला धनेशकडे तू जाणार नाहीस, कारण तिथलं पाणी बेचव. माझ्याकडे येणार नाहीस, कारण इथलं पाणी उभं. एकाच जागी राहशील, जिथे पाणी छान आहे, फक्त जमीन नाही.

परतताना बसमध्ये मी ठरवलं, की यंदा चेष्टा नाही. गौरी येण्याआधी पाणी जिरलं पाहिजे. उन्हाळ्यात पहार घेऊन लडक्याच्या चिखलाचा थर फोडला. (तो विटेसारखा झाला होता. लडक्या मदतीला होता, पण प्रत्येक ढेकळाबरोबर हळहळत होता.) पुन्हा रेती, पुन्हा खत. आता प्रश्न राहिला फक्त झाडांचा. ताई, मी दीपेशसाठी मुलगी बघितली तेव्हा इतका त्रास झाला नाही. पाण्यात चालणारं झाड उन्हात चालत नाही, उन्हात चालणारं पाण्यात कुजतं, आणि दोन्हीकडे चालणारं घरात कुणाला चालत नाही.

पहिला सल्ला चिकूचे व्यापारी चिमणभाई यांचा. ते गुजरातच्या सीमेवरच्या झाईकडून टेम्पो घेऊन येतात. खड्ड्याकडे बघून म्हणाले, "हरीभाई, आ बधुं मेल ने, चिकू लगाव." म्हणजे हे सगळं सोड आणि चिकू लाव. चिमणभाईंना पोटदुखीवर औषध विचारलं तरी ते चिकूच सांगतील. पाण्यात उभा राहून चिकू मरतो हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. पण डहाणूत मोकळी जागा बघून चिकू न सुचवणं त्यांना असभ्यपणाचं वाटतं. मग धनेशने केवडा सांगितला. हिरूने नुसतं "नाग" एवढंच म्हटलं आणि विषय संपला. मग कळलावी. जंगली वेल आहे, फूल ज्वाळेसारखं, आपल्या मातीतली, आणि पोपटी-लाल रंग मला लहानपणापासून आवडतो. हिरू म्हणाली, कळलावी दारात लावली की घरात भांडणं होतात. मी म्हटलं, अडाणीपणा आहे हा. ती म्हणाली, अडाणी कुणाला म्हणता? त्यावरून जे सुरू झालं ते तीन दिवस पुरलं, मयूरीने मध्यस्थी केली, आणि शेवटी हिरू म्हणाली, बघा, अजून लावलीसुद्धा नव्हती.

वाळा लावला. खोल मुळांचा, उन्हापावसाला न डगमगणारा, धनेशचा अगदी लाडका. हायवेच्या नर्सरीतून रोपं आणली. महिन्याभरात जोर धरला. आणि एक दिवस पाण्याचा माठ सुगंधी लागला! हिरूने मुळांना वास आलाय का ते बघायला एक ठोंब उपटला होता. आला नव्हता, म्हणून दुसरा बघितला. तिसऱ्याला थोडा आला. वाळ्याची मुळं जमिनीत पाणी जिरवायची ती आमच्या माठात पाणी गार करत होती, आणि मी दोन भांडी पिऊन मोकळा झालो. मग अळू लावलं, मधोमध, जिथे पाणी सगळ्यांत जास्त. ते असं माजलं की पानं सुपाएवढी. श्रावण लागला आणि आळीतल्या बायका "काका, चार पानं घेते हां" म्हणत येऊ लागल्या. आपल्याकडे अळूच्या पानाला नाही म्हणण्याची पद्धत नाही. आळीभर वड्यांचा घमघमाट आणि माझ्या खड्ड्यात नुसते दांडे. परवा बघतो तर दांडेही गेलेले, कुणाला तरी फदफदं करायचं होतं. कर्दळ तेवढी टिकली, पण दीपेशच्या मते तिच्यामुळे घर स्टेशनासारखं दिसतं, आणि तो गाडी मागे घेताना ती दर आठवड्याला थोडी कमी होते.

आता खड्ड्यात काय उरलंय विचारशील, तर तेरडा. मी लावलेला नाही, कुणीच लावलेला नाही. गेल्या वर्षी हिरूने बोळवलेल्या त्या उसन्या गौरीची बोंडं फुटली असणार. पहिल्या सरीबरोबर उगवला आणि आज कमरेइतका दाट, गुलाबी, नुसता फुललाय. हरखून धनेशला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, मामा, दिसतोय छान, पण मुळं वरवरची, दिवाळीपर्यंत मरेल, पाणी जिरवायला काही उपयोगाचा नाही. म्हणजे तेरड्याचा रंग तीन दिवस आणि माझा आनंद तेवढाही नाही.

खरं तर थोडं यश आलं होतं. पूर्वी दसऱ्यापर्यंत राहणारं पाणी आता पाऊस उघडल्यावर दोन दिवसांत खाली बसतं. पण यंदा पाऊस उघडतोय कुठे? आणि तरीही मी आशा धरून होतो, तोवर गेल्या आठवड्यात गंगीवहिनी आल्या. हातात नारळ. तळ्याचा काठ यंदा दगडाने बांधून काढला ना, तिथे तेरड्याची काडी उगवलेली नाही. सगळ्या आळीला गौरींची चिंता. गंगीवहिनींनी आपल्या खड्ड्याभोवती फेरी मारली, एक पाय पाण्यात घालून बघितला आणि निकाल दिला, की गेल्या साली गौर इथेच उतरली, इथेच उगवली, तर यंदा आळीच्या सगळ्या गौरी इथूनच उठतील. नारळ फोडला, खड्ड्याला हळदकुंकू वाहिलं आणि गेल्या. माझं मत कुणी विचारलं नाही. येत्या गुरुवारी बारा घरच्या लेकी वाजतगाजत येणार आणि एकुलतं एक जे झाड माझ्या खड्ड्याला मानवलं ते मुळांसकट उपटून नेणार. आणि गौरीला नाही कोण म्हणणार? वर गंगीवहिनी हिरूला बजावून गेल्या आहेत, की गुरुवारपर्यंत पाणी आटू देऊ नका, पाऊस उघडलाच तर विहिरीचं ओता. बादली हिरूने घासून ठेवली आहे.

तेव्हा ताई, मी हरलो. दोन पावसाळे गेले, बारा घरच्या लेकी माझ्या अंगणात येणार, आणि माझ्या घरची लेक ताडपत्रीखाली बसून ट्रेलर मोजणार. उसनी पोरगी या वेळी मी आणणार नाही, हिरूला ते सोसणार नाही. यंदा आपली गौर खड्ड्याच्या काठीच राहील असं दिसतंय. मला तुझी भीती वाटत नाही, तुझ्याबद्दल भीती वाटते. ती भेग मी बोट घालून बघितली आहे. पण तू गौरीसमोर शपथ घेतलीस आणि पाणी अजून उभं आहे. शपथ मोड म्हणणारा मी कोण? यंदा येऊ नकोस. भावोजींना जप. तब्येतीला सांभाळ.

तुझा धाकटा,
हरी

ता. क. भावोजींनी इतकी वर्षं शाळेत शेती शिकवली, त्यांना विचार, की ओल्यातही जगेल आणि कोरड्यातही जगेल असं एखादं झाड तुमच्या बाजूच्या डोंगरांत आहे का. स्वभावाने तुझ्यासारखं हवं. पाण्यात मरत नाही, उन्हात मरत नाही आणि कुणाचं ऐकत नाही. असल्यास घेऊन ये. नाही, पाठवून दे असं लिहायचं होतं.

दुसरं ता. क. हिरूने पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारला. ती म्हणते, एवढं लिहिलंत आणि मुद्द्याचं लिहिलंच नाही. ताईंची शपथ अंगणाची होती. गौर उठते तो पाणवठा, आणि पाणवठा गावाचा असतो, तुमचा नाही. गंगीवहिनींनी नारळ फोडला तेव्हापासून त्या कोपऱ्याला अंगण म्हणायचं कारण नाही, आणि पाणवठ्यावर पाणी उभं राहणार नाही तर काय राहणार? ते ऐकून मी स्वतः उरलेल्या अंगणात अनवाणी फिरून बघितलं, पाणी नाही. फाटकापासून ओटीपर्यंत लडक्याने सपाट दगड मांडले आहेत, आणि मी त्याच्यासमोर उभा राहिलो, नाहीतर मधल्या जागेत त्याने काय लावलं असतं देव जाणे. गंगीवहिनी साक्षीला तयार आहेत. मी दोन वर्षं पाणी घालवायला धडपडत होतो आणि हिरूने एका नारळात अंगण कोरडं केलं. आपली गौर सगळ्यांत आधी उठणार, असंही गंगीवहिनींनी कबूल केलंय. लेक आली तर.

तिसरं आणि शेवटचं. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. दीपेशने हातात दिलं आणि म्हणाला, आत्या, बाबांनी सगळं वाचायला सांगितलंय. तू चष्मा लावून, एकेक ओळ दोनदा वाचतेस. म्हणून एवढं लांब लिहिलं. तेवढ्या वेळात भावोजींनी आणि त्याने मागच्या दाराने तुमच्या गाद्या, औषधांची पिशवी आणि देव गाडीत ठेवले असतील. भावोजींची बॅग त्या चहाच्या दिवसापासून भरलेली आहे. त्यांना बोलू नकोस. गणपती झाईला त्यांच्या थोरल्या घरी बसतो, तेव्हा तोही बहाणा नको. वाटेत दीपेशला काय बोलायचं ते बोलून घे. गुरुवारी तुला गप्प राहायचं आहे.

आणि हे वाचताना शेजारचा कप बशीत वाजला, तर तो ट्रेलर नाही, ताई. ऊठ.